बाटलीचा पासपोर्ट

गुरुवार

"भाऊजी, तुम्ही या आणि ह्यांच्या बाटल्यांचा एकदाचा निकाल लावून द्या. फेब्रुवारीत लग्न आहे घरात. व्याही हॉलमध्ये येऊन बसणार आणि समोर काय, तर दारूच्या बाटल्या!" वहिनींच्या मागून दादाचा आवाज आला, "दारू नाही, बिअर." त्यावर वहिनी मला म्हणाल्या, "ऐकलंत?"

म्हणून वाकडेवाडीहून सकाळची नाशिक गाडी धरली. नारायणगावपर्यंत झकास, पुढे संगमनेरपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांमागून. सिन्नर आलं की स्वेटर बाहेर निघतो, तो निघाला. नाशिकरोडला उतरलो तर जिकडे तिकडे खोदकाम. सिंहस्थ २०२७ चा, धूळ मात्र आत्तापासून. रिक्षावाला म्हणाला, जेलरोडला फिरून जावं लागेल. फिरून म्हणजे पन्नास रुपये जास्त, हे त्याने उतरल्यावर सांगितलं.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंगची मशिनं बनतात, ती परदेशात नेऊन उभी करून द्यायचं त्याचं काम. कधी व्हिएतनाम, कधी केनिया, कधी पोलंड. येताना बॅगेत बाटल्या, कस्टमच्या हिशेबाने दोन लिटरच्या आत. काही मित्रांनी आणून दिलेल्या. त्याने स्वतःला एकच नियम घालून घेतलाय: प्रत्येक देशाची निदान एक बिअर. प्यायची आणि बाटली धुऊन कपाटात लावायची. भरलेली बाटली तो शोभेला ठेवत नाही, आणि हे बरोबरच आहे. बिअरमध्ये हॉप्सची फुलं घालतात, त्यांच्या कडवटपणावर ऊन पडलं की त्यातून एक गंधकाचं रसायन तयार होतं आणि बिअरला उग्र, कुबट वास मारायला लागतो. तपकिरी काच ऊन बरंचसं अडवते, हिरवी फारसं नाही, पांढरी तर नाहीच. दुकानात हिरवी बाटली ट्यूबलाइटखाली महिनोन् महिने उभी असते, तिच्याबद्दल लोक म्हणतात की इंपोर्टेड बिअरचा वासच तसा असतो. असो.

कपाटाच्या काचेवर आतून यादी चिकटवलेली: एकेचाळीस देश. वहिनींचं फर्मान असं, की कपाट बेडरूममध्ये जाणार, त्यातला एकच कप्पा दादाचा, आणि एका देशाची एकच बाटली. बाकीचं भंगारवाल्याला. "आणि देश कुठला ते तुम्ही दोघं ठरवा, पण मला पटवून."

मावशीने शेवभाजी केली होती. काका माझ्याआधीच जेवून झोपायला गेलेले. ते माळकरी, साडेसातला पान मांडलं जातं.

शुक्रवार

गॅलरीत सतरंजी घालून सगळ्या बाटल्या बाहेर काढल्या. कॉलनीतल्या दोन बायका समोरच्या गच्चीत वाळवण घालायच्या निमित्ताने बराच वेळ थांबल्या.

वाद नसलेल्या बाटल्या आधी बाजूला केल्या. चेक देशातली पिल्सनर उर्क्वेल, पिल्झेन गावात १८४२ पासून बनणारी. जगात पिवळीधमक, स्वच्छ बिअर म्हणून जे काही विकलं जातं त्याची ही आजी. बेल्जियमची ट्रॅपिस्ट, म्हणजे ख्रिस्ती मठातली: तिच्यावर षटकोनी खूण असते आणि ती खूण मठाच्या आवारात बनलेल्या बिअरलाच मिळते, भिंतीबाहेर बनवली की गेली. लाओसची बिअरलाओ, थायलंडची सिंघा, भूतानची ड्रुक ११०००, श्रीलंकेची लायन स्टाउट. लग्न ठरलेली माझी पुतणी शेजारी बसून बाटल्यांची झाकणं निवडत होती. तिने शोध लावला की कुठल्याही देशाचं झाकण घ्या, दात एकवीसच. विल्यम पेंटर नावाच्या अमेरिकन माणसाने १८९२ मध्ये पहिलं झाकण केलं तेव्हा ते चोवीस होते. देश किती का असेनात, झाकणाच्या बाबतीत जगाचं एकमत झालंय.

पुढे गुंता. सान मिगेलच्या दोन बाटल्या, नाव एकच. एक फिलिपिन्सची, मनिलात १८९० साली सुरू झालेली. दुसरी स्पेनची, त्या कंपनीचं मूळ मनिलातच, पण १९५० च्या दशकात ती वेगळी झाली. दोन्ही ठेवल्या. बडवायझरचीही तीच तऱ्हा. अमेरिकन बडवायझर १८७६ ची. चेक देशात बुदेयोवित्से नावाचं गाव आहे, जर्मनमध्ये त्याला बुडवाइस म्हणतात, आणि त्या गावाची बुडवायझर बुडवार १८९५ पासून निघते. नावावरून दोघांच्या कोर्टकचेऱ्या शंभर वर्षांहून जास्त चालल्यात. अमेरिकेत चेक बाटलीवर बिचाऱ्यांना 'चेकवार' छापावं लागतं. दादाकडे दोन्ही होत्या आणि त्याला त्याचा फार अभिमान. मी अमेरिकन बाटली उलटी फिरवली. मागच्या लेबलावर पत्ता भारतातला.

"ही कुठे घेतलीस?"

"नाशिकरोडला. पण बडवायझर अमेरिकनच ना!"

इथून खरं भांडण सुरू झालं. हायनेकन: ॲम्स्टरडॅम, १८६४. दादाच्या यादीत हॉलंड. बाटलीवर तळोजा. टुबोर्ग आणि कार्ल्सबर्ग, दोन्ही यादीत डेन्मार्कच्या नावावर, दोन्ही बाटल्यांवर औरंगाबाद. फोस्टर्स यादीत ऑस्ट्रेलिया, बाटली कधीची जुनी, पत्ता पुन्हा औरंगाबादच. बरं, फोस्टर्सचं ऑस्ट्रेलियाशी नातं तरी किती? १८८८ मध्ये मेलबर्नला ती सुरू करणारे फोस्टर बंधू न्यूयॉर्कहून आलेले, आणि आज ऑस्ट्रेलियात ती कोणी फारशी पीत नाही. दादाचं म्हणणं, नाव ज्या देशाचं, बिअर त्या देशाची. माझं म्हणणं, शिजली कुठे ते बघ. वहिनी कणीक तिंबता तिंबता आतून म्हणाल्या, "तुम्ही स्वतः ज्या देशात जाऊन प्यालात तेवढेच देश खरे." त्या नियमाने यादी अकरावर आली असती. दादाने ऐकलं नाही असं दाखवलं.

एवढ्यात काका आले. काका प्रेसमधून निवृत्त झालेले. नाशिकरोडला 'प्रेस' म्हणजे एकच, वर्तमानपत्राचा तिच्याशी संबंध नाही: इंडिया सिक्युरिटी प्रेस, १९२५ ची, आणि पलीकडे नोटांची, १९२८ ची. आपला पासपोर्ट इथेच छापतात. पोस्टाची तिकिटंही. काकांची हयात तिकिटं छापण्यात गेली आणि सुट्टीचे दिवस तिकिटं जमवण्यात.

त्यांना बिअरचा वासही चालत नाही, पण लेबलं सोडवायचं काम त्यांनी आपणहून घेतलं, कारण दादा नखाने खरवडत होता आणि ते त्यांना बघवेना. परातीत कोमट पाणी, चिमूटभर खायचा सोडा. बाटली आडवी बुडवून ठेवायची आणि हात लावायचा नाही. अर्ध्या तासाने लेबलाची एक कड आपोआप उचलली जाते. काकांनी तिकिटांचा चपटा चिमटा आणला, कड धरली आणि ओढली नाही. बाटलीच हळूहळू फिरवली, लेबल पाण्यात जागच्या जागी राहिलं. मग ते टीपकागदावर पालथं, वर दुसरा टीपकागद, त्यावर जाडजूड पंचांग. "ओढलं की कागद ताणतो. ताणला की सुकताना वाकडा होतो," ते म्हणाले. प्लॅस्टिकच्या लेबलांना पाणी काहीच करत नाही, ती त्यांनी तुच्छतेने बाजूला ठेवली. दर बाटलीनंतर हात साबणाने धुणं चालूच.

आमचा वाद त्यांनी ऐकला होता. आत जाऊन एक आल्बम घेऊन आले. सहाव्या जॉर्जचा मुखवटा असलेलं हिंदुस्थानचं तिकीट, आणि त्याच्यावर काळ्या ठशात 'पाकिस्तान'.

"१ ऑक्टोबर १९४७. पाकिस्तानची पहिली तिकिटं. तिकडे छापखाना तयार नव्हता, म्हणून आपल्याच तिकिटांवर आपल्याच प्रेसमध्ये नाव मारून दिलं. नोटांचंही तेच, १९४८ च्या मध्यापर्यंत त्यांचं चलन रिझर्व्ह बँकच बघत होती, नोटा नाशिकच्या. आता सांग, हे तिकीट आल्बममध्ये कुठल्या पानावर लावतात?"

"पाकिस्तानच्या."

"नेपाळची कितीतरी तिकिटं आम्ही छापली. इथिओपिया इटलीच्या तावडीतून सुटला, त्यांनी १९४२ मध्ये राजाच्या चित्राची तिकिटं काढली, तीही नाशिकची. आणि १९२५ च्या आधी आपली तिकिटं लंडनला छापून यायची, ती काय इंग्लंडची झाली? छापखाना कुठला हे आल्बममध्ये खाली बारीक अक्षरात लिहितात. वर देश लिहितात, ज्याने काढलं त्याचा."

दादा सतरंजीवर उडालाच. "म्हणजे हायनेकन हॉलंडची! बाबांनीच सांगितलं!"

माळकरी बाप आणि बिअर जमवणारा मुलगा एका बाजूला झाले म्हटल्यावर मला दुपारची झोप लागली नाही. काकांचं उदाहरण तगडं होतं. पण तिकिटाचा कागद कसला, डिंक कसला, यावर कोणाचं पत्र पोचत नाही. तिकीट म्हणजे दिलेला शब्द: एवढे पैसे भरलेत, आता पोचवायची जबाबदारी आमची. तो शब्द ज्या सरकारने दिला त्याचं तिकीट, छापो कोणी का. बिअर असला कुठला शब्द देत नाही. ती जे काय आहे ते बाटलीच्या आत आहे. तिकिटाचा माल म्हणजे त्यावरचं नाव, बिअरचा माल म्हणजे बिअर. मग देश ठरवायचा तो मालावरून.

संध्याकाळी हे काकांना सांगितलं. ते "हं" म्हणाले आणि हरिपाठाला बसले.

शनिवार

सकाळच्या चहाला काका म्हणाले, "तुझं रात्री पटलं. पण मालाचा देश म्हणजे कशाचा? जव राजस्थानातले, ते हॉप्स की काय ते बाहेरचे, असं हाच सांगत होता."

प्रश्न रास्त. जव गाडीने येतात, हॉप्स जर्मनी-अमेरिकेतून जहाजाने येतात, यीस्टचा वाण मूळ कंपनी जपून पाठवते. सगळं फिरतं. पाणी तेवढं फिरत नाही, आणि बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त तेच असतं. पिल्झेनचं पाणी मऊ म्हणून तिथे हलक्या रंगाची बिअर जमली. इंग्लंडात बर्टनच्या विहिरींना जिप्समचं पाणी, म्हणून तिथली कडक पेल एल गाजली. तेव्हा जिथलं पाणी, तिथली बिअर. दादाने हरकत घेतली की आता सगळे कारखाने पाणी आरओ करून घेतात आणि हवे ते क्षार मोजून घालतात, जिप्समची विहीर पोत्यात मिळते. हेही खरंच. तरी मोजून घालायला आधी पाणी लागतंच.

काकांनी मान डोलावली. वहिनींनी यादीच्या वर पेनने लिहिलं: पाणी.

अकरा वाजता दादाबरोबर एका बिअर शॉपीत गेलो, खात्री करायला. प्रत्येक परदेशी नावाची बाटली उलटी करून मागचा मजकूर वाचत होतो तेव्हा काउंटरवरच्या पोराचा जीव खालीवर होत होता. त्याला वाटलं आम्ही एक्साइजचे. बहुतेक बाटल्यांवर एक ओळ सारखीच: 'फॉर सेल इन महाराष्ट्र ओन्ली'. म्हणजे डेन्मार्कचा मुकुट डोक्यावर आणि गुजरातच्या हद्दीत पाऊल टाकायला बंदी. दादाने तरी दोन घेतल्या. परमिट आहे का, असं त्या पोराने विचारलं, तेव्हा दादाने पाकिटातून आपलं आजन्म परवान्याचं कार्ड काढून ज्या थाटात दाखवलं, त्या थाटात मी माझा पासपोर्टही कधी दाखवला नाही.

मग वहिनींना घेऊन सगळे गंगापूरकडे. आधी बारदान फाट्यापाशी चुलीवरची मिसळ. दही, पापड, आणि रस्सा लागेल तितका. पुढे सुला, वाइनचा मळा. इथे १९९७ मध्ये पहिल्या वेली लागल्या तेव्हा लोकांना वाटलं होतं, खायची द्राक्षं सोडून हे काय. आता शनिवारी मुंबईच्या गाड्यांना पार्किंग मिळत नाही. फार थांबलो नाही. पण एक गोष्ट तिथे वेलींकडे बघून दादालाही मान्य करावी लागली. द्राक्ष तोडलं की काही तासांत चिरडायला लागतं, ते लांब नेता येत नाही. म्हणून वाइनला गाव असतं, आणि 'नाशिक व्हॅली' या नावाला भौगोलिक मानांकन आहे. सुकवलेले जव बोटीत घालून पृथ्वीप्रदक्षिणा करवा, त्यांना काही होत नाही. म्हणूनच बिअरच्या गावाची एवढी भानगड.

गंगापूर धरणाच्या पाण्याच्या कडेला बसून दुसरा प्रश्न काढला, कारण वहिनींनी एक पिशवी वेगळी भरून आणली होती. त्यांच्या मते या बाटल्या बिअरच नव्हत्या.

पहिली आल्याची. जिंजर बिअर, दादाने ती कुठल्याशा बेटाच्या नावावर चढवलेली. हा लिंबूसोड्याचा भाऊ. बाद. दुसरा सौदीचा डबा, पीच स्वादाचा, शून्य टक्के. आता शून्य टक्के म्हणून मी कोणाला हाकलणार नाही. बिअर आंबवून, मग त्यातलं अल्कोहोल काढून जी करतात ती माझ्या लेखी बिअरच आहे. पण हा डबा म्हणजे माल्टचा, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या जवाचा, अर्क, साखर आणि गॅस. आंबवण्याचा पत्ता नाही. बाद, आणि दादाच्या नकाशातून अख्खं सौदी अरेबिया गेलं.

तिसरा जपानचा डबा. वर छान सोनेरी चित्र, पण ती हापोशू. जपानात कर माल्टवर ठरत आलाय: माल्ट एका प्रमाणाच्या वर असेल तरच कायद्याने बिअर. ती रेघ आधी ६७ टक्क्यांवर होती, २०१८ मध्ये ५० वर आली. कंपन्यांनी माल्ट रेघेखाली ठेवून स्वस्त पेय काढलं, ते हापोशू. चवीला बिअरच्या जवळ, कागदावर नाही. वहिनी म्हणाल्या, "जपानचं सरकारच नाही म्हणतंय तर आपण कोण हो म्हणणार?"

दादाने जर्मनांना मध्ये आणलं. १५१६ चा बव्हेरियाचा तो प्रसिद्ध नियम: पाणी, जव, हॉप्स, बस. यीस्टचं नावही त्यात नाही. पण तो लावायचा तर तांदूळ घातलेली अमेरिकन बडवायझर गेली आणि नायजेरियाची गिनेस गेली. जर्मनांनाही १९८७ मध्ये युरोपच्या कोर्टाने सांगितलं की तुमचा नियम तुमच्यापाशी ठेवा, बाहेरच्यांना आपल्या मालाला बिअर म्हणू द्या.

गिनेसवर बराच वेळ गेला, कारण ती बाटली मला या सगळ्यात सगळ्यात रसाळ वाटते. डब्लिन, १७५९, हे सगळ्यांना ठाऊक. पण लागोसला गिनेसचा कारखाना १९६२ पासून आहे. पुढे १९८८ मध्ये नायजेरियाने जवाची आयात बंद केली आणि तिथल्या कारखान्यांना ज्वारी-मक्याकडे वळावं लागलं. काळा, भाजका अर्क डब्लिनहून यायचा, त्यात तिथली ज्वारी आणि तिथलं पाणी. दादाच्या मित्राने लागोसहून आणलेली बाटली साडेसात टक्क्यांची, आयर्लंडच्या बारमध्ये मिळते तिच्याहून कितीतरी जड. मूळ आयरिश म्हणा, पण ज्वारीची भाकरी खाणाऱ्या माणसाने तरी हिला नायजेरियन म्हणावं. म्हटली.

मग व्याख्या करून टाकली: धान्य, पाण्यात शिजवलेलं, आंबवलेलं आणि न गाळलेलं. 'न गाळलेलं' म्हणजे भट्टी लावून अर्क न काढलेलं. पेठ-सुरगाण्याकडची मोहाची त्यामुळे बाहेर. ती फुलांची, शिवाय भट्टीची. दार्जिलिंगहून आणलेलं तोंग्बाचं लाकडी भांडं आत: आंबवलेली नाचणी, वरून गरम पाणी, बांबूच्या नळीने ओढायची. पण ती भारताच्या नावावर जाते आणि भारताच्या जागेला रांग मोठी. भांडं सुंदर आहे म्हणून वहिनींनी ते शोकेसमध्ये ठेवायची परवानगी दिली, "कोणी विचारलं तर पेन ठेवायचं."

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "धान्य, शिजवलेलं, आंबवलेलं, न गाळलेलं. म्हणजे साके?"

साके तांदळाची. कोजी नावाची बुरशी तांदळाच्या पिठूळपणाची साखर करते आणि यीस्ट तिची दारू करतं. लोक तिला तांदळाची वाइन म्हणतात, पण फळाचा तिथे संबंध नाही. कृती पाहिली तर ती बिअरच्याच घरातली. माझ्या व्याख्येने आत. पुष्कळांना हे पटणार नाही, आणि त्यांनी आपलं कपाट आपल्या नियमाने लावावं. स्वयंपाकघरात, जेवणात घालायच्या जपानी मिरिनशेजारी पडलेली दादाची साकेची बाटली जपानच्या जागी गेली.

रविवार

काकांबरोबर सकाळी रामकुंडावर. गोदेला पाणी बरं होतं. गाडगे महाराज पुलाखालून चालताना काकांनी विचारलं, "औरंगाबादजवळच्या वाळूजच्या कारखान्यांना पाणी कुठलं रे?"

"एमआयडीसीचं. जायकवाडीचं."

"आणि जायकवाडीला?"

मी हसायला लागलो. नाशिकच्या माणसाला हा प्रश्न दर दिवाळीला छळतो. जायकवाडी पंधरा ऑक्टोबरला ६५ टक्क्यांच्या खाली असलं की वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं ठरलंय. मग गंगापूर, दारणा यांची दारं उघडतात, इकडे मोर्चे, तिकडे मोर्चे, मध्ये कोर्ट. २०१६ च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांचं पाणी आधी पन्नास आणि मग साठ टक्क्यांनी कापायला लावलं होतं. एक लिटर बिअरमागे तीन ते पाच लिटर पाणी लागतं, धुण्यासकट, हे धरलं तर लोक का चिडले होते ते कळतं. काका त्या वेळी पेपरातली कात्रणं काढून ठेवत. तो राग त्यांचा अजून गेलेला नाही, पण आज त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच काही होतं.

"म्हणजे तुझ्या नियमाने," ते म्हणाले, "ती ऑस्ट्रेलियाची बाटली आपल्या गंगापूरच्या पाण्याची."

घरी जाताना दादा गाडी घेऊन आला. कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला म्हणाला, "कॅनडाची नाहीच आहे माझ्याकडे. इथल्याच दुकानातून घेतली तर?" काकांनी मागच्या सीटवरून "नाही" म्हटलं. दोन दिवसांत काका या विषयाचे सरन्यायाधीश झाले होते.

शेवटची बैठक वहिनींच्या अध्यक्षतेखाली. इंग्लंड आणि स्कॉटलंड दादाला दोन हवे होते. काकांनी ब्रिटिश तिकीट दाखवलं: जगात हा एकच देश तिकिटावर आपलं नाव छापत नाही, १८४० मध्ये पहिलं तिकीट त्यांनी काढलं म्हणून फक्त राजाराणीचं डोकं. "ते स्वतःच नाव सांगत नाहीत, तू कशाला दोन सांगतोस?" एक झालं. त्या एका जागेसाठी दादाच्या मनात स्कॉटिश बाटली होती, पण त्याच्याकडे आणखी एक वेडी वस्तू निघाली: लंडनहून आणलेली किंगफिशर. मागे स्पष्ट लिहिलेलं, इंग्लंडात बनवलेली, केंट परगण्यातल्या फॅव्हरशॅम गावी, १६९८ पासूनचे आम्ही असं सांगणाऱ्या शेफर्ड नीम कंपनीकडे. पुतणीने तीच उचलली. तिच्यापुढे कोणाचं चालत नाही.

बिरा ९१ ची एक अगदी सुरुवातीची बाटली होती. नावातला ९१ आपला फोनचा कोड, माकड आपलं, पण २०१५ मध्ये ती बेल्जियममध्ये बनून यायची. पाण्याने बेल्जियन. तिथे तिची गाठ मठातल्या ट्रॅपिस्टशी पडली आणि ती हरली.

राहिला भारत. हायनेकन, टुबोर्ग, कार्ल्सबर्ग, बडवायझर, फोस्टर्स, सगळे परदेश सोडून घरी परतलेले, आणि जागा एक. दादा म्हणाला, यातलं एक नाव तरी भारताचं आहे का? त्यापेक्षा दुकानातून आपली साधी किंगफिशर आणू. मी म्हटलं, किंगफिशर वरच्या रांगेत इंग्लंडच्या नावाने बसलीय, पाहुण्यांना काय समजावणार? काकांनी पंचांग उचललं, टीपकागद सोडवला आणि फोस्टर्सचं लेबल बाहेर काढलं. एकही सुरकुती नव्हती. त्यांनी ते स्वतः डिंकाने बाटलीवर पुन्हा चिकटवलं आणि बाटली भारताच्या जागी ठेवली. न्यूयॉर्कच्या भावांनी मेलबर्नला काढलेली, औरंगाबादला बनलेली, गोदावरीची.

"व्याही विचारतील," वहिनी म्हणाल्या.

"विचारू देत. पाणी सोडतो आम्ही दर वर्षी, एक बाटली तरी ठेवू."

एकेचाळीसाचे सव्वीस झाले. दादाने यादी नवीन लिहिली. काकांच्या सांगण्यावरून वर देश, खाली बारीक अक्षरात नाव. भंगारवाला पोतं घेऊन आला तेव्हा दादा आत निघून गेला. काचेच्या बाटल्यांना भंगारात भाव जवळपास नाहीच, त्याने डब्यांचे ॲल्युमिनियमचे तेवढे पैसे दिले.

माझी गाडी पाचची होती. निघताना दादा फोनवर होता. त्याच्या कंपनीतला एक जण अदिस अबाबाहून येत्या आठवड्यात परतणार. "सेंट जॉर्ज म्हणून मिळते बघ तिथली, १९२२ ची कंपनी आहे. एकच आण. आणि हे बघ, बाटलीवर कुठे बनवली ते वाचून घे, नुसतं नाव बघू नकोस."

काकांनी खुणेने फोन मागितला. कानाला लावला, घसा साफ केला.

"ते बाटलीचं त्याच्या हिशेबात. तुम्ही मला तिथल्या पोस्टात जाऊन एक पाकीट टाका. तिकीट लावून, आणि शिक्का नीट उमटला पाहिजे. पत्ता लिहून घ्या."